हात रेषेला लागला तेव्हा

नऊ मुलींनी घाम गाळून जवळजवळ जिंकलेला सामना मी एकटीने घालवून दाखवलेला आहे. तोही मैदानाबाहेर उभी राहून, पायात घरातल्या चपला आणि हातात चहाचा थर्मास असताना, वयाच्या सत्तराव्या वर्षी. हे आधीच कबूल केलेलं बरं. आमच्या टॉवरमधल्या कुणाकडून तरी ते तुमच्या कानावर येईलच, आणि आजीने थर्मास फेकून मारला असंही सांगणारी त्यात घुसडेल. थर्मास मी फेकला नव्हता. तो हातातून सुटला.

काल पहाटे बाल्कनीचं दार उघडलं आणि त्या सामन्याचा अख्खा हिवाळा आत आला. दुबईत थंडी पडते म्हणजे काय होतं, तर एसी बंद होतो. उन्हाळाभर कानात बसलेली घरघर थांबते आणि मग कळतं की खाली रस्ता आहे, साळुंक्या आहेत, शेजाऱ्यांचा कुकर आहे. थंड पाण्याचा नळ सोडला की खरोखर थंड पाणी येतं. एरवी दोन्ही नळांतून गरमच. आमच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीतले टॉवर धुक्यात कमरेपर्यंत बुडालेले असतात आणि खालच्या मैदानावरून ओल्या गवताचा वास आमच्या सहाव्या मजल्यापर्यंत चढून येतो. वाळवंटातलं गवत ते, रात्रंदिवस शिंपडून जगवलेलं. वास मात्र थेट कराडच्या नदीकाठासारखा देतं, लबाड कुठलं.

त्या वासाबरोबर मला पहिल्यांदा आठवते ती इरा. हवेत आडवी झालेली.

इरा माझी नात, माझ्या मिलिंदची मुलगी. तेव्हा ती चौदाची होती. जन्म इथलाच, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. घरात तिला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. पाण्याची बाटली भरून फ्रिजमध्ये ठेवायची म्हटलं की तिचा हात दुखतो. अशी ही मुलगी शनिवारी सकाळी कसली तरी प्रॅक्टिस करते म्हणून मी कौतुकाने थर्मास घेऊन बघायला गेले. घडीची खुर्ची उघडून बसते न बसते तोच मरियम नावाची, इराच्या दुप्पट आकाराची लेबनीज मुलगी धावत आली, तिने इराला कमरेत धरलं, उचललं आणि गवतावर आपटलं. वर आणखी तिघी पडल्या.

मनातल्या मनात मी अँब्युलन्स बोलावली, मिलिंदला कळवलं, कराडच्या नणंदेलाही कळवून झालं. तेवढ्यात ढिगाखालून इरा उठली, बॉल पायाने मागे सारला, केसांतलं गवत झटकलं आणि जिने आपटलं तिलाच म्हणाली, "नाइस वन."

नाइस वन. आमच्या आळीत कुणाच्या मुलीला कुणी असं आपटलं असतं, तर दोन घरांचं हळदीकुंकू कायमचं बंद पडलं असतं.

घरी परतताना मी विचारलं, "दुखलं नाही का गं?"

"इट्स फाइन, आजी."

"बाबाला माहीत आहे हे असं असतं?"

इरा फूटपाथवरच थांबली. "बाबा थिंक्स इट्स टॅग."

टॅग म्हणजे काय, तर कमरेला रंगीत रिबनी लावायच्या आणि दुसरीने ती ओढली की थांबायचं. कुणी कुणाला हातही लावायचा नाही. मिलिंदने परवानगी दिली ती त्या रिबनींना. रास अल खोरमध्ये गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या गोदामाचा तो मॅनेजर. शनिवारीच त्याच्याकडे जास्त गर्दी, त्यामुळे मैदानावर त्याचं पाऊल पडलेलं नव्हतं. स्वभावाने असा, की लिफ्टच्या दाराला टेकलं तरी ओरडतो. त्याने इराला सांगून ठेवलं होतं, हा एक हिवाळा खेळ, शेवटच्या मॅचला मी येतो, बघतो, मग पुढच्या वर्षीचं ठरवू.

"यू वोन्ट टेल हिम, ना?"

"मी कशाला सांगू," मी म्हटलं. झालं. सत्तरीत मी कटात सामील झाले, आणि खोटं बोलू नये हे ज्या मुलाला मी शिकवलं त्याच्यापासून त्याच्या मुलीच्या दंडावरचे निळे डाग लपवायला लागले. टेबलाचा कोपरा लागला. कपाटाचं दार लागलं. आमच्या घरातलं फर्निचर त्या हिवाळ्यात फार मारकं झालं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी होती रूथ. आमच्याच टॉवरमध्ये राहणारी नर्स, पापुआ न्यू गिनीची. तो देश आफ्रिकेत असावा असं मला वाटायचं. तिने मोबाइलवर नकाशा दाखवला. ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर पक्ष्यासारखं एक बेट, त्याची शेपटाकडची बाजू तिची. रूथचं हिंदी पेशंटांकडून शिकलेलं. 'सांस लो', 'छोडो', 'दर्द किधर है' एवढ्या भांडवलावर तिने आमच्या भागातल्या मुलींना रग्बी लीग शिकवायला घेतलं होतं, आणि खरं सांगते, त्या खेळाला याहून जास्त शब्द लागतही नाहीत.

रग्बी दोन तऱ्हेची असते हे मला तिनेच सांगितलं. इथे क्लबांतून जास्त करून खेळतात ती पंधरा जणांची. रूथची तेरा जणांची, जिला लीग म्हणतात. मुली पुरेशा मिळेनात म्हणून तिने नऊवर भागवलं होतं. नियम तिने मला फूटपाथच्या कडेला बसून, माझ्या थर्मासमधला चहा पीत शिकवले. बॉल पुढे फेकायचा नाही, मागेच. पकडली गेलीस की उठायचं, बॉल पायाने मागे सारायचा, मागची घेते आणि पुढे धावते. असं सहा वेळा पकडलं की बॉल समोरच्यांना देऊन टाकायचा. मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ती ट्राय.

"तुम्हारे देश में सब ये खेलते हैं?" मी विचारलं. मला वाटलं होतं, हिच्यासारखी चार वेडी असतील.

रूथ माझ्याकडे बघतच राहिली. आपण कुणाला विचारावं, भारतात लोक चहा पितात का, तसं ते तिला वाटलं असावं.

तिच्याकडे हा खेळ आणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या गोऱ्यांनी. कुणी सोनं खणायला आले, कुणी साहेब म्हणून, कुणी सैन्याबरोबर. सुटीच्या दिवशी ते आपापसांत खेळायचे आणि गावचे लोक कुंपणाबाहेर उभे राहून बघायचे. रूथचा आजोबा त्यांतलाच. बॉल कुंपणाबाहेर आला की उचलून आत फेकायचा, एवढाच त्याचा खेळ. एकदा त्याने फेकला नाही. काखेत मारला आणि पळत सुटला.

"फिर पकड़ा उसको?"

"कौन पकड़ेगा, आंटी? सब लोग जूता पहना था."

मग एक दिवस गोरे आपल्या देशी गेले, आणि खेळ मात्र मागेच राहिला. कुंपणाबाहेरचे आत आले. त्या देशात आठशेहून जास्त भाषा आहेत, या दरीतल्याला त्या दरीतलं बोलणं कळत नाही, दऱ्यादऱ्यांत पिढीजात वैरं. आता त्याच दऱ्यांचे संघ आहेत. गवत नसलेल्या मैदानांवर अनवाणी मुलं खेळतात, आणि दमल्यावर उभ्या उभ्या कालच्या मॅचवर भांडतात. मी विचारलं, म्हणजे मारामाऱ्या थांबल्या म्हण की. "बंद नहीं हुआ, आंटी," रूथ चहात बिस्कीट बुडवत म्हणाली. "बीच में सीटी आ गया."

सगळ्यांत मोठा धक्का पुढे होता. ऑस्ट्रेलियातली दोन राज्यं एकमेकांशी खेळतात, त्या मॅचसाठी म्हणे रूथच्या गावात अर्धी घरं निळी आणि अर्धी लाल होतात. तिचे दोघे सख्खे काका त्या दिवसांत एका चुलीवरचं जेवत नाहीत. ज्या राज्यांत यांच्यातल्या कुणी पाऊलही ठेवलेलं नाही त्यांच्यासाठी. मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. क्रिकेट आपल्याकडे कुठून आलं होतं? असंच कुठल्यातरी जिमखान्याच्या कुंपणावरून. आणि मी स्वतः चाळीस वर्षं नवऱ्याशेजारी बसून, ओव्हर म्हणजे काय हे धड न कळता, विकेट पडली की हळहळत होते. जो खेळ माझ्या हाडात होता त्याचं मात्र कुणाला नावही सांगितलं नव्हतं.

"और तू?" मी रूथला विचारलं. "तू किधर खेली?"

"मेरा टाइम में दादा अंदर, लड़की लोग बाहर," ती म्हणाली. "सेम फेन्स, आंटी." रताळ्याच्या वाफ्यामागे ती आणि तिच्या बहिणी प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीचा बॉल करून खेळायच्या. देशाचा मुलींचा संघ निघाला तेव्हा हिचा गुडघा कामातून गेला होता. म्हणून ती इथे आमच्या पोरींना शिकवत होती. तसं बघायला गेलं तर इथे तरी ती कुंपण घालतच नव्हती. ज्या येतील त्या घ्यायच्या: फिलिपिनो, केनियन, लेबनीज आणि लोणच्याची बरणी न उघडणारी एक मराठी.

आता माझ्या हाडातल्या खेळाबद्दल. इराची पकड फार वरून व्हायची. खांद्याला लोंबकळायची आणि मरियमसारखी मुलगी तिला पदराला चिकटलेल्या कुसळासारखी ओढत न्यायची. एका संध्याकाळी टॉवरखालच्या हिरवळीवर मला ते बघवेना. ओढणी कमरेला बांधली आणि म्हटलं, ये अंगावर. ती हसत आली. मी खाली बसून तिचा घोटा धरला आणि पुढच्या क्षणी माझी नात गवतावर बसलेली होती.

"आजी," ती आभाळाकडे बघत म्हणाली, "व्हॉट वॉज दॅट?"

ती घोट्याची पकड होती. मी कबड्डी खेळायचे. नुसती खेळायचे नाही, जिल्ह्याच्या संघात होते. चाळलेल्या मातीचं मैदान, अर्धी चड्डी घातली म्हणून गावात कुजबुज, आणि माझ्या चढाईला समोरच्या सात जणी मागे सरकायच्या. आणि हे मी कुणाला का सांगितलं नव्हतं, तर एका महामूर्ख मुलीमुळे. तिचं नाव कुसुम, वय एकोणीस. आज भेटली तर तिचा कान पिळीन, पण ती मीच असल्यामुळे पंचाईत आहे.

कुसुमला बघायला मंडळी आली होती. होणाऱ्या सासूबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवत विचारलं, "काय आवड आहे मुलीला?" माझे वडील अभिमानाने सांगायला निघालेच होते. "आमची कुसुम कब..." इतकं त्यांच्या तोंडातून आलंही. आणि कुसुमबाईंनी मान खाली घालून त्यांचं वाक्य तोडलं, "विणकाम." तेव्हा तिच्या बाहीखाली कोपराची खपली ओली होती. तिला कुणी बजावलं नव्हतं, कुणी डोळे वटारले नव्हते. सासूबाई, मागाहून कळलं, स्वतः शाळेत लेझीम शिकवायच्या. कबड्डी ऐकून खूशच झाल्या असत्या. विणकाम ऐकून त्यांनी लग्नात मला लोकर दिली. सात रंगांची.

मग काय, विणावं लागलं. दरवर्षी स्वेटर, एक बाही लांब, एक आखूड. मिलिंद सातवीत जाईपर्यंत शाळेच्या फोटोत हात मागे बांधून उभा आहे; लोकांना वाटतं शिस्तीचा मुलगा.

तर त्या संध्याकाळपासून आमचा गुपचूप वर्ग सुरू झाला. घोट्याची पकड, कमरेची पकड, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पकडल्यावर काय करायचं. "पकडलं म्हणजे संपलं असं समजू नकोस," मी तिला घोकून घोकून सांगायची. "सात जणी अंगावर असू देत. श्वास सोडायचा नाही. हात लांब करायचा. मध्यरेषेला एक बोट जरी लागलं तरी तू सुटलीस आणि त्या सगळ्या बाद." इरा डोळे मोठे करून ऐकायची. काही दिवसांत तिची पकड इतकी खाली आणि इतकी पक्की बसू लागली, की रूथने मला येऊन विचारलं, हे हिला शिकवलं कुणी? मी थर्मासचं झाकण उघडत म्हटलं, कोण जाणे बाई. आतून मात्र टम्म फुगले होते.

शेवटची मॅच संध्याकाळची होती, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मैदानावर. मैदानाचे दिवे लागले होते, दव पडायला लागलं होतं. समोर अबूधाबीच्या मुली. मिलिंद गोदामातून थेट आला, सूनबाई स्नेहा ऑफिसमधून. मिलिंद माझ्या शेजारी बसला. पहिल्याच मिनिटाला इराला दोघींनी मिळून खाली घेतलं आणि तो ताडकन उभा राहिला.

"आई. रिबनी कुठायत?"

मी चहा ओतत राहिले.

"आई, मी विचारतोय, रिबनी कुठायत?"

"मिलिंद, बस खाली," मागून स्नेहा म्हणाली. "कपडे मी धुते. रिबनी ओढून असले डाग पडत नाहीत."

मी चाट. म्हणजे हिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि कपाटाच्या दाराच्या माझ्या गोष्टी ही बया मान डोलावत ऐकत होती.

मिलिंद खाली बसला आणि त्याने मोबाइल खिशात ठेवला. त्याच्या तोंडावरून काहीच कळेना. मला एवढंच दिसत होतं, की आज जे काही तो बघेल त्यावर इराचा पुढचा हिवाळा ठरणार आहे, आणि तिलाही ते ठाऊक असल्यामुळे ती आज जास्तच अंगावर जात होती.

शेवटची काही मिनिटं. आम्ही दोन गुणांनी मागे, एक ट्राय झाली की जिंकलो. मरियमने दोघींना आपल्या अंगावर ओढून घेतलं आणि बॉल मागे दिला, तो इराच्या हातात आला. समोर मोकळी जागा. पोरगी सुटली. मिलिंद उभा राहिला, मी उभी राहिले. रेषेपासून हातभर अंतरावर तिला मागून एकीने धरलं. ती पालथी पडली, दुसरी वर पडली, बॉल धरलेला हात जमिनीला टेकला आणि सगळं क्षणभर थांबलं.

माझ्यासमोर रेषा होती आणि रेषेपासून हातभर लांब एक हात. बाकी दुबई, रूथ, फूटपाथवर शिकलेले नियम, सगळं पुसून गेलं. मातीचा वास आला. आणि मी ओरडले. सत्तर वर्षांची बाई एवढं ओरडू शकते हे मलाही माहीत नव्हतं.

"इरा, हात! रेषेला हात लाव!"

इराने ऐकलं. महिनाभर घोकलेलं होतं. दोघी अंगावर असताना तिने हात ओढून लांब केला आणि बॉल रेषेवर टेकवला. थर्मास तेव्हा सुटला. मी दोन्ही हात वर करून नाचत होते, पंचाची शिट्टी वाजली, आणि माझ्या लक्षात आलं की आपल्या बाजूचं दुसरं कुणीही नाचत नाहीये.

रूथने कपाळावर हात मारला होता. "आंटी," ती नंतर मला समजावत होती, पेशंटला वाईट बातमी सांगतात त्या आवाजात, "पकड़ा, नीचे गया, हाथ जमीन को लगा, खलास. फिर हाथ नहीं हिलाने का. उठने का, पीछे देने का. पीछे मरियम खड़ी थी. अकेली."

मरियम खरंच मोकळी उभी होती. इराने उठून बॉल पायाने मागे सारला असता तर मरियमने एका ढांगेत रेषा ओलांडली असती. बॉल अबूधाबीला मिळाला, त्यांनी वेळ काढला, संपलं. इराने मैदानातूनच माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. गणिताच्या बाईंनीच चुकीचं सूत्र शिकवलं हे परीक्षेत कळावं, तसा चेहरा.

दोन खेळ दिसायला किती सारखे. एकात पकडलं तरी शेवटच्या बोटापर्यंत धडपडायचं. दुसऱ्यात पकडलं की थांबायचं, उठायचं आणि मागच्या मुलीवर विश्वास ठेवून बॉल तिला द्यायचा. मी म्हणजे अशी दिव्य, की माझ्या खेळात धडपडायचं होतं तिथे मी पोह्यांच्या बशीसमोर आपणहून बसले, अंगाला कुणाचा हातसुद्धा लागलेला नसताना. आणि नातीला थांबायचं होतं तिथे तिला धडपडायला लावलं.

गाडीतून घरी निघालो. इराच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती, आणि ती खिडकीबाहेर बघत होती. हायवेला लागल्यावर मिलिंद म्हणाला, "आई, ते रेषेला हात लाव, हे तुला कुठून सुचलं?"

मग मी सांगितलं. मातीचं मैदान, जिल्ह्याचा संघ, वडिलांचं अर्धवट तुटलेलं वाक्य. शेहेचाळीस वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच. तो ऐकत होता, आणि रस्ता कधी न चुकणाऱ्या त्या माणसाचा एक्झिट चुकला. इथे एक्झिट चुकला की यू टर्नही लवकर मिळत नाही. शारजाच्या औद्योगिक भागात, बंद गॅरेजांच्या रांगेत आम्ही पोहोचलो, तेव्हा एका उघड्या कॅफेटेरियासमोर त्याने गाडी थांबवली. कागदी कपांतून कडक चहा आला. माझा थर्मास तर मैदानावरच गेला होता.

"सॉरी गं," मी मागे वळून इराला म्हटलं.

"इट वॉज अ ग्रेट शाउट, आजी," ती चहावर फुंकर मारत म्हणाली. "रॉंग स्पोर्ट, दॅट्स ऑल." मग कपाकडे बघतच तिने विचारलं, "बाबा, नेक्स्ट इयर?"

मिलिंदने शर्टाच्या दोन्ही बाह्या ओढून मनगटापर्यंत आणल्या, सारख्या आहेत का ते पाहिलं, आणि इराला सोडून मला म्हणाला,

"आई, तिला पुढच्या वर्षी खेळू दे. उद्या कुणी आवड विचारली तर पोरीने विणकाम सांगायला नको. माझ्या वाट्याचे स्वेटर घालून झालेत."